मानसिंग झांबऱ्यांचं रुंद दार

मानसिंग झांबऱ्यांनी दारांकडं कधी नीट बघितलं नव्हतं. पलटणीतली त्यांची अर्धी नोकरी तंबूत गेली आणि तिथं दार म्हणजे ताडपत्रीचा एक पडदा. सुटून आल्यावर सांगलीत एका बँकेच्या दारावर ते बंदूक घेऊन बसायचे. पण ते दार काचेचं की लोखंडी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना मागं वळून बघावं लागलं असतं. दारानं त्यांना पछाडलं ते बायको, मालनबाई, गेली त्या दिवसापासून.

विश्रामबागेत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मुलाच्या, जयराजच्या, शिक्षणासाठी म्हणून तासगावकडचं गाव सोडून ते सांगलीला आले आणि तिथलेच झाले. पुढं जयराज पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं, घरात दोघंच उरली. ऑगस्टमधल्या एका दुपारी मालनबाई भांडी आवरून "जरा पडते" म्हणाल्या आणि पडल्या त्या उठल्याच नाहीत. शेजारचे डॉक्टर आले, मनगट धरून बसले आणि मान हलवून उठले. जयराज पुण्याहून पोचेपर्यंत अंधारलं, म्हणून सगळं सकाळवर गेलं.

सकाळी गावाकडची भावकी जीप भरून आली. खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधायला घेतली. वर बायकांनी मालनबाईंना आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. मग चादरीत घालून त्यांना खाली न्यायचं ठरलं, आणि तिथं दार आडवं आलं.

फ्लॅटचं दार आधीच अरुंद. त्याच्या बाहेर चोरांच्या भीतीनं बसवलेलं जाळीचं लोखंडी दार होतं. ते पुरतं उघडायचं नाही, कारण समोर लगेच जिन्याचा कठडा. बाहेर पाऊल टाकलं की काटकोनात वळायचं. जिवंत माणूस वळून जातो, त्याला कळतसुद्धा नाही. चादरीतलं माणूस वळत नाही. डोक्याकडं मानसिंगांचे दोन चुलतभाऊ होते, पायाकडं जयराज आणि शेजारचा एकजण. मागचे ढकलतायत, पुढचे थांबा थांबा म्हणतायत, अशात कुणाच्या तरी कोपरानं जाळीचं दार मागं आलं, चादरीचं एक टोक सुटलं आणि मालनबाईंचा पाय लोखंडावर आपटला. जोडवी वाजली. कुणीतरी म्हणालं, उभं करा, जरा उभं करा. थोरल्या दिरासमोर जन्मात जिचा डोक्यावरचा पदर ढळला नाही, त्या बाईला चार पुरुषांनी बगलेत धरून, उभं करून, केस सुटलेले, पदर घसरलेला, अशी त्या वळणातून काढली.

मानसिंगांनी बर्फातून माणसं उचलून आणलेली होती. जिवंतही आणली होती, मेलेलीही. मेलेल्या जवानाला कसं उचलायचं, कुणी कुठं धरायचं, याची पलटणीत शिस्त असते. त्याचा हात लोंबू देत नाहीत, पाय कशाला लागू देत नाहीत. आणि इथं आपल्या बायकोला आपल्याच घरातून नीट बाहेर काढता आलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतली ती रुतलीच.

तेरावा झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जाळीचं दार काढून भंगारवाल्याला दिलं. पण इमारतीत प्रत्येक घराला तसंच दार. कुणी कामावर निघालं, कुणाकडं दूधवाला आला की वरखाली कुठंतरी लोखंडावर लोखंड वाजायचं आणि मानसिंगांचा घास हातातच राहायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकोच्या आठवणीनं माणूस खंगतो हे लोकांना समजतं. दाराच्या आवाजानं खंगतो, हे कसं सांगायचं? जयराज रविवारी फोन करायचा. जेवण, औषध, पेन्शन एवढं बोलून झालं की दोघंही गप्प व्हायचे. मग "ठेवतो आबा" म्हणून तो ठेवून द्यायचा. पूर्वी तो असा नव्हता. पण आई गेल्यावर पोरं गप्प होतात, असं मानसिंगांनी धरून चाललं.

सुनेच्या, अंकिताच्या, भावाचं लग्न महाबळेश्वरच्या एका हॉटेलात झालं. मानसिंग आहेराची पिशवी घेऊन आत शिरले आणि दाराशीच थबकले. भिंतीएवढं लाकडी दार, आणि त्याला बिजागरीच दिसेना. तेवढ्यात लांबलचक टेबल आडवं धरून हॉटेलची पोरं आली, त्यांतल्या एकानं खांद्यानं दार नुसतं लोटलं. ते आवाज न करता फिरलं आणि पोरं टेबलासकट सरळ आत गेली. ना कुणी थांबा म्हणालं, ना कुणाला वाकावं लागलं.

"याला बिजागरी कुठंय?" त्यांनी तिथल्या रखवालदाराला विचारलं.

"नाही दादा. खाली जमिनीत खुंटी हाय, वर चौकटीत खुंटी हाय. त्यावर फिरतंय. सगळं वजन जमिनीवर."

मंगलाष्टका सुरू झाल्या तरी मानसिंग दाराजवळच होते. एका बोटानं लोटायचे, ते फिरायचं. सोडलं की हळूच जागेवर यायचं. अंकिताची आई कुणाला तरी म्हणाली, "सैन्यातले आहेत ना, नवीन गोष्टीचं कौतुक वाटतं."

पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी सांगलीतला फ्लॅट विकला आणि गावात रस्त्याकडेच्या आपल्या जागेत घर बांधायला काढलं. जयराजला बरं वाटलं. आबा कशात तरी रमतायत, एवढं त्याला पुष्कळ होतं. अंकिताच्या ओळखीची वल्लरी नावाची एक मुलगी सांगलीत घरांच्या आतली-बाहेरची सजावट करायची. तिचा नंबर त्यानंच पाठवला.

वल्लरी सांगलीच्या गावभागातली, बोलायला मोकळी, कामात चोख. तिनं पहिल्याच भेटीत घराच्या दर्शनी भागाचं रंगीत चित्र काढून समोर ठेवलं. फाटकातून आलं की तीन पायऱ्या. डाव्या हाताला विटांची जाळीदार भिंत, तिच्या आडोशाला चपला काढायला बाकडं, कोपऱ्यात पाण्याचं मोठं भांडं, त्यात फुलं. तिथून वळून दाराशी. दार त्यांनी मागितलं तसंच, पिव्हटचं, म्हणजे खुंटीवर फिरणारं, उंच आणि सागवानी.

मानसिंगांनी चित्र बराच वेळ बघितलं. मग भिंतीवर बोट ठेवलं. "ही नको."

"का काका? आडोसा होतो. नाहीतर दार उघडलं की रस्त्यावरून थेट स्वयंपाकघर दिसणार. येणारा माणूस जरा थांबतो, चपला काढतो, मग त्याला घर दिसतं. ते छान वाटतं."

"वळाण नको. रस्त्यापासनं आतल्या खोलीपातुर सरळ पायजे. बाकडं बी नको. मधी काय बी नको."

"पायऱ्या तरी?"

"पायऱ्या नको, उतार करा. आणि उंबरा नको."

उंबरा या दाराला तसाही चालत नाही, पण लोक कमीत कमी चांदीची पट्टी तरी जमिनीत बसवून घेतात, असं वल्लरी म्हणाली. मानसिंगांनी त्याला होकारही दिला नाही, नकारही नाही. ते रुंदीवर आले.

"दार पाच फुटी केलं, तर मोकळं किती ऱ्हातंय?"

"चार फूट धरा. खुंटी कडेपासून थोडी आत असते ना, तेवढा तुकडा उघडल्यावर आडवाच राहतो."

"मग पुरत न्हाई. दोन माणसं हिकडनं, दोन तिकडनं, मधी वजन. सरळ चालत भायेर आली पायजेत. कुणाचा खांदा लागता कामा नये."

"सोफा न्यायचाय का?" वल्लरीनं हसून विचारलं.

"व्हय," मानसिंग म्हणाले. "सोफाच समजा."

भिंती लिंटलपर्यंत आल्यावर वल्लरी जागा बघायला गावात गेली. दाराची मोकळी जागा विटांमध्ये दिसत होती. मानसिंगांनी गवंड्याच्या चार माणसांना बोलावलं, घमेली वाहणाऱ्या बायकांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि सेंट्रिंगची एक लांब फळी घेऊन तिच्यावर सिमेंटची पोती आडवी ठेवली. दोघं इकडून, दोघं तिकडून. "उचला. आतल्या खोलीतनं निघायचं. पळायचं न्हाई. पावलाला पाऊल." माणसं फळी घेऊन चालू लागली. मानसिंग पुढं उभे राहून त्यांच्या कोपरांकडं, विटांच्या कडेकडं बघत होते. उजवीकडच्या माणसाचं कोपर विटेला घासलं. "थांब," ते म्हणाले. "परत मागनं."

रस्त्याकडेला नानासो उभे होते. नानासो म्हणजे मानसिंगांचे शाळेपासूनचे मित्र, शेजारच्याच द्राक्षबागेचे मालक. त्यांनी दोनदा ती फळी आत-बाहेर होताना बघितली आणि जवळ आले.

"मानसिंग, हे काय चाललंय रं?"

"दाराचं माप."

"कुणाच्या दाराचं? गड्या, तिरडी अंगणात बांधत्यात. ती कुठं दारातनं जाती?"

"माणूस तर न्यावं लागतंच की घरातनं," मानसिंग म्हणाले.

फळी धरलेली माणसं जागच्या जागी थांबली. त्यांतल्या एकानं हळूच आपलं टोक खाली टेकवलं. वल्लरीच्या हातातली टेप उघडीच राहिली. सोफा, उतार, नको असलेलं वळण, नको असलेला उंबरा, सगळं तिच्या लक्षात आलं. नानासो रस्त्याला लागले. वल्लरी वाळूच्या ढिगाच्या कडेला बसली. थोड्या वेळानं उठली, विटांची जागा पुन्हा मोजली आणि मानसिंगांना म्हणाली, "काका, अजून एक वीट काढू. आणि उताराला तो गुळगुळीत दगड नको, ओला झाला की पाय सरकतो. खरबरीत घेऊ. तेव्हा माणसं अनवाणी असतात."

मानसिंगांनी तिच्याकडं बघितलं. मालनबाई गेल्यापासून त्यांच्या मनातलं कुणी असं न विचारता ओळखलं नव्हतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण "च्या घेणार का?" एवढंच तोंडातून आलं.

दार टेम्पोतून आलं तेव्हा उतरवायला अर्धी गल्ली लागली. आतून लोखंडी सांगाडा, वरून सागवान. खुंटीवर बसवून मिस्त्रीनं दोरी सोडली आणि मानसिंगांना म्हणाला, "लोटा." त्यांनी एका बोटानं लोटलं. एवढं मोठं धूड, पण पाण्यावर फिरावं तसं फिरलं. कसलाच आवाज नाही. त्या दिवशी मानसिंग दिवसभर तिथंच होते. दार उघडायचे, आतल्या खोलीत जायचे, तिथून दोन्ही हात पसरून सरळ चालत रस्त्यापर्यंत यायचे, परत जायचे. मालनबाई गेल्यानंतर त्या एका दिवशी त्यांना दोन भाकरी खाव्याशा वाटल्या.

पण गावात गोष्ट पसरायची ती पसरलीच. गवंड्याच्या माणसांनी सांगितली, बायकांनी पाणवठ्यावर नेली. आधी लोक "मानसिंगचं हॉटेल" म्हणायचे, आता "मढ्याचं दार" म्हणू लागले. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. तोंडावर सगळे दाराचं कौतुकच करायचे.

वास्तुशांत मार्गशीर्षात धरली. पूजेला जोडपं लागतं, मानसिंग एकटे, म्हणून जयराज आणि अंकिता बसणार होते. दोघं सकाळीच गाडीतून आली. अंकिताच्या कडेवर काही महिन्यांची मुलगी होती, टोपरं घातलेली, झोपाळलेली. नानासोंच्या घरी चहापाणी झालं. तिथं कुणीतरी बाई अंकिताला काहीतरी बोलली असावी. कारण भटजींनी "चला, जोडप्यानं कलश घेऊन मुख्य दारातनं आत यायचं" म्हटल्यावर अंकिता उताराच्या पायथ्याशी आली आणि तिथंच उभी राहिली.

"चल की," जयराज म्हणाला.

"मी या दारातून बाळाला नेणार नाही."

"म्हणजे?"

"आबांना विचारा, दार कशासाठी केलंय."

सनईची कॅसेट चालू होती. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. मानसिंग दारात होते, नवा सदरा, डोक्यावर फेटा. ते दोन पावलं पुढं आले. "अंकिता, तसं काय न्हाई बाळा. दार म्हंजे दार. सगळ्यासाठीच असतंय."

"मग वल्लरीनं मला खोटं सांगितलं? मी आत्ताच तिला फोन केला. ती रडायला लागली, आबा." अंकिताचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला नव्हता. "आईंचं दुःख मला कळतं. पण माझं तान्हं लेकरू आहे हो."

ती वळली, घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली आणि न्हाणीजवळच्या छोट्या दारातून मुलीला घेऊन आत शिरली. पूजेला मग चुलतभावाचा मुलगा आणि सून बसली. होम झाला, जेवणाच्या पंगती उठल्या. येणारे-जाणारे मोठ्या दारातून जाताना अंग चोरून जात होते, एवढी ऐसपैस जागा असून.

जेवणं आटोपल्यावर जयराज बाहेर आला. मानसिंग उताराच्या कडेला उभे होते. जयराज त्यांच्याजवळ आला, पण बघत होता रस्त्याकडं.

"आबा, एक विचारू? हे दार तुम्ही मला दाखवायला केलं ना?"

"तुला? तुला कशापायी?"

"मी पाय सोडला म्हणून."

मानसिंगांना क्षणभर समजलंच नाही. "कुणाचा पाय?"

"आईचा. पायाकडं मीच होतो. चादर माझ्याच हातातून सुटली. मी सोडली नाही आबा, सुटली. हात ओला होता माझा. तुम्ही दारातून ओरडला होता. सगळ्यांसमोर. 'नीट धर, हात मोडलं का तुझं?'"

"मी?"

"तुम्हीच. पलटणीत ओरडत असाल तसं."

मानसिंग आठवायला लागले. जाळीचं दार आठवत होतं, चादरीचं निसटलेलं टोक आठवत होतं, पदर, केस, तो आवाज, सगळं जसंच्या तसं समोर होतं. पण त्या सगळ्यात पायाशी कोण होतं, ते त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. आणि स्वतःचा आवाज तर त्यांना कुठंच ऐकू येत नव्हता.

"मला याद न्हाई," ते म्हणाले.

जयराज हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मला आहे. त्या दिवसानंतर फोनवर तुम्ही गप्प बसलात की मला वाटायचं, आता बोलतील. आज बोलतील. तुम्ही कधी बोललाच नाहीत. आणि मग हे एवढं दार बांधलंत. गावाला दाखवायला, की पोराला आई नीट नेता आली नाही."

"तुझ्यासाठी न्हवं रं. दार अरुंद हुतं त्या फ्लॅटचं. सगळी खोट दाराची हुती."

मानसिंगांच्या मनात एवढंच होतं की पोराच्या माथी काही नाही, दोष दाराचा. त्यांनी तो दोष इतके दिवस दारावरच ठेवला होता, म्हणून तर हे घर उभं राहिलं. पण जयराजनं ते तसं ऐकलं नाही. त्याला वाटलं, बाप अजूनही नीट काही बोलायला तयार नाही, दाराआड लपतोय. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"निघतो आम्ही. बाळ किरकिर करतंय."

मानसिंगांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. हात उचललाही गेला, पण मध्येच नानासो निरोप घ्यायला आले, कुणाचा तरी टॉवेल-टोपीचा मान राहिला होता, आणि त्या गडबडीत गाडी मागं घेऊन जयराज रस्त्याला लागलासुद्धा.

मग घरात मानसिंग एकटे राहिले. पाऊस लागला तसा वारा पश्चिमेकडून थेट दारावर यायचा. दार जाड, पण त्याच्या खाली जी बारीक फट ठेवावी लागते, तिथून पाणी आत घुसायचं आणि सरळ पुढच्या खोलीत पसरायचं. अडवायला उंबरा नव्हता. त्यांनी पोती लावली, मग वल्लरीला फोन केला. ती माणूस घेऊन आली, फटीला ब्रशची पट्टी बसवली, छत पुढं वाढवायला सांगितलं. जाताना दारात थांबली.

"काका, मी अंकिताला सांगायला नको होतं. तिनं थेट विचारलं, मला खोटं बोलता आलं नाही."

"तुमचं काय चुकलं न्हाई, म्याडम. दार चांगलं झालंय. तुमी म्हनला हुता तसंच झालंय, रस्त्यावरनं सगळं घर दिसतंय."

"बाजूला एक छोटं दार करूया का? रोजच्या वापराला. उंबरा असलेलं. लोक येऊन टेकतील तिथं."

"कोण येतंय?" मानसिंग म्हणाले.

तेही खरंच होतं. गावात माणूस कुणाकडं जातो तो आत जायला नाही, उंबऱ्याशी टेकायला जातो. तंबाखू मळत दोन गोष्टी बोलतो आणि उठतो. इथं टेकायला जागाच नव्हती. लोक रस्त्यावरूनच हाक मारायचे, "मानसिंग, हाय का घरात?" आणि आतला माणूस बाहेरून दिसत असल्यानं उत्तराची वाटही न बघता पुढं जायचे. बायका तर त्या बाजूनं नजरही वळवत नव्हत्या. हळूहळू मानसिंगच मागच्या दारानं ये-जा करायला लागले. मोठं दार आठ-आठ दिवस उघडत नसे.

जयराजला काहीतरी सांगायला हवं, हे त्यांच्या डोक्यात सारखं होतं. शेतावर जाताना ते मनात वाक्य जुळवायचे. आपण ओरडलो हे आठवत नाही, पण ओरडलो असू. तुझा हात ओला होता, तर तुझी काय चूक? माझंच तुझ्याकडं लक्ष नव्हतं, मी तुझ्या आईकडं बघत होतो. एवढं सगळं मनात सरळ लागायचं आणि रविवारी फोन आला की औषधं आणि पेन्शनच बोलली जायची. शेवटी गौरी-गणपतीच्या आधी एका रविवारी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि जयराजनं उचलल्याबरोबर, हॅलोसुद्धा न म्हणता, बोलून टाकलं.

"जयराज, त्या दिवशी तुझा काय बी दोष न्हवता. माझंच चुकलं, मी वरडायला नको हुतं."

पलीकडून घरातले आवाज येत होते. टीव्ही चालू होता, बाळ रडत होतं, अंकिता कुणाशी तरी बोलत होती.

"बरं आबा," जयराज म्हणाला. "जेवलात का?"

"जेवलो."

"गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेतोय."

"बरं. मग ठेवू? बाळाला लस द्यायला न्यायचंय."

फोन खाली ठेवून मानसिंग तसेच खाटेवर बसून राहिले. आपण बोललो याचं त्यांना हायसं वाटत नव्हतं, आणि पोरानं ऐकलं की नाही हेही कळत नव्हतं. कदाचित फार उशीर झाला होता. कदाचित हे फोनवर बोलायचं नव्हतंच, त्या सकाळी जिन्यातच बोलायला हवं होतं. पुढच्या रविवारी जयराजचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी अंकिताचा आला. तिनं चांगली विचारपूस केली, मोबाईलवर मुलगी दाखवली. मुलगी आता पावलं टाकायला लागली होती. "आजोबा बघ, आजोबा," अंकिता म्हणत होती आणि मुलगी दुसरीकडंच कुठं तरी बघत होती. दिवाळीला येणार का, असं मानसिंगांनी विचारलं. बघू, म्हणाली. दिवाळीला ती माहेरी गेली आणि जयराजला सुट्टी मिळाली नाही.

यंदा अवकाळीनं नानासोंच्या बागेत घाण केली. घड फुटले, व्यापारी पाठ फिरवून गेले, मग उरलेल्या मालाचा बेदाणा करायचं ठरलं. मानसिंग रोज शेडवर जातात. द्राक्षं जाळीवर पसरतात, खराब मणी वेचून काढतात. नानासो कधी बोलतात, कधी बोलत नाहीत. दिवसभर हात चिकट असतात. ऊन उतरल्यावर मानसिंग घरी येतात, मोठ्या दाराकडं न जाता मागच्या नळावर हातपाय धुतात, चूल पेटवतात. भाकरी थापायची त्यांनी मालनबाईंच्या माघारी शिकून घेतली. अजूनही ती कडेला फाटते.